डिस्क घासली, फेसिंग केली, तरी ब्रेकची थरथर परत येते: दोष कुठे शोधायचा

तक्रार नेहमी एकाच चालीने येते. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. चाक काढून डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) पॉलिश पेपरने घासली जाते किंवा लेथवर फेसिंग करून, म्हणजे वरचा पातळ थर कापून सपाट करून, आणली जाते. महिना-दीड महिना गाडी छान थांबते आणि मग तीच थरथर पुन्हा सुरू होते. दुसरी तक्रार गंजाची: डिस्क चकचकीत केली, पण काही दिवसांत एका बाजूवर तपकिरी पट्टा परत दिसायला लागला. दोन्ही तक्रारींत लोक डिस्कलाच दोष देतात, आणि दोन्हींत बहुतेक वेळा मूळ दोष डिस्कच्या पाठीमागे असतो: हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडावरच्या गंजात, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) ज्यांवर सरकतो त्या अडकलेल्या पिनांत, किंवा कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटच्या ज्या खाचेत पॅड बसतो तिथे. तिथली साफसफाई न करता नवी कोरी डिस्क टाकली, तरी ती त्याच वाटेने जाते.

म्हणून इथे घासण्याइतकाच भर मोजण्यावर आणि बैठक साफ करण्यावर दिला आहे.

आधी लक्षण नीट ओळखा

पाऊस किंवा धुलाईनंतर रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर आलेला केशरी गंज हा दोष नाही. डिस्क बिडाची असते आणि घासणाऱ्या भागावर रंग किंवा कोटिंग टिकत नाही, त्यामुळे ओल लागली की काही तासांत पातळ गंज चढतो. पाच-सहा वेळा हलका ब्रेक मारला की तो निघून जातो. त्यासाठी चाक उघडायची गरज नाही.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येते की ब्रेकशिवायही, हे नक्की करा. ब्रेकशिवाय ठरावीक वेगाला गाडी हादरत असेल तर आधी चाकाचं बॅलन्सिंग आणि टायर बघा. फक्त ब्रेकवर स्टिअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची डिस्क. सीट आणि पेडल थरथरतं पण स्टिअरिंग शांत राहतं, तर बहुधा मागची. वेग कमी होईल तशी थरथरही मंदावते का ते बघा. चाकाचा घेर साधारण 1.9 मीटर धरला तर ताशी 90 किलोमीटरला चाक सेकंदाला 13 वेळा फिरतं. डिस्कचा दोष असेल तर थरथर चाकाच्या फेऱ्यांना बांधलेली असते, वेगाबरोबर उतरत जाते.

ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल भराभर ठोके देतं, तो एबीएसचा (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) नेहमीचा धक्का असतो. तो या तक्रारीत मोजू नका.

डिस्क वाकत नाही, जाडी बदलते

गॅरेजमध्ये "डिस्क बेंड झाली" असं सर्रास म्हणतात. उष्णतेने डिस्क कायमची वाकडी होणं विरळाच. घडतं ते असं.

हबच्या तोंडावर गंजाची खपली राहिली आणि त्यावर डिस्क बसवली की ती किंचित तिरकी बसते. फिरताना तिचा काठ डावीकडे-उजवीकडे जातो. याला रनआउट म्हणतात, लेथवाले "आउट आहे" म्हणतात. फ्लोटिंग कॅलिपर (पिनांवर आडवा सरकणारा) या हालचालीबरोबर सरकतो, त्यामुळे पहिल्या दिवशी ब्रेक दाबल्यावर काहीच जाणवत नाही. पण ब्रेक सोडलेला असताना डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेरीला पॅडला पुसटसा चाटून जातो. 1.9 मीटर घेराचं चाक एका किलोमीटरला 526 फेऱ्या मारतं, म्हणजे हजार किलोमीटरमध्ये तोच एक तुकडा पाच लाखांहून जास्त वेळा पॅडला घासतो. तेवढ्याने तो तिथे काही मायक्रॉन झिजतो. आता डिस्क एका जागी पातळ, बाकी ठिकाणी जाड. ब्रेक दाबला की जाड-पातळ भाग आलटून पालटून पॅडमधून जातो, पॅड दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन मागेपुढे ढकलला जातो आणि ते ठोके पेडलपर्यंत आणि स्टिअरिंगपर्यंत पोचतात.

जाडीतला फरक 0.015 ते 0.02 मिलिमीटर झाला तरी हाताला थरथर कळायला लागते. थरथर परत यायला महिना-दीड महिना का लागतो, त्याचंही उत्तर यातच आहे. फेसिंगने जाडी सारखी झाली, पण तिरकी बैठक तशीच राहिली. झीज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

जाडी बदलण्याचा आणखी एक रस्ता आहे. घाट उतरून डिस्क कडक तापलेली असताना गाडी थांबवून पेडल दाबून धरलं, तर पॅडचं मटेरियल त्या जागी डिस्कला चिकटतं. नीट पाहिलं तर पॅडच्या आकाराचा गडद ठसा दिसतो. हा चिकटलेला थर मात्र खरोखर पॉलिश पेपरने निघतो.

कोणत्या डिस्कवर मेहनत करू नये

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर (हबवर बसणाऱ्या उंच भागावर) किमान जाडी कोरलेली असते, "मिन टीएच" या इंग्रजी अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये. गंजाने झाकली गेली असेल तर तारेच्या ब्रशने साफ करून वाचा; अजिबात सापडली नाही तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. अंदाजाने ठरवू नका.

जाडी मोजताना एक चूक हमखास होते. झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या काठावर न घासलेली, उंच कड उरलेली असते. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि डिस्क प्रत्यक्षापेक्षा जाड दिसते. मायक्रोमीटर असेल तर काठापासून 10 ते 15 मिलिमीटर आत मोजा. फक्त व्हर्नियर असेल तर दोन्ही बाजूंना एकसारखा सपाट वॉशर धरून त्यावरून माप घ्या आणि दोन वॉशरची जाडी वजा करा. एकूण जाडीसाठी एवढं पुरतं. जागोजागचा फरक काढायला मात्र मायक्रोमीटरच हवा.

आता हिशेब. समजा नवी डिस्क 22 मिलिमीटरची, किमान 20, आणि तुमचं माप 20.6. खाचा घालवायला प्रत्येक बाजूने 0.2 काढावं लागेल, म्हणजे उरली 20.2. पुढच्या झिजेसाठी फक्त 0.2 मिलिमीटर शिल्लक. नव्या पॅडचं आयुष्य संपण्याआधी ही डिस्क किमान मापाखाली जाईल. अशी डिस्क बदलाच, तीही एकाच ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना. पातळ डिस्क कमी उष्णता साठवते, लवकर तापते, आणि पॅडही झिजलेले असतील तर पिस्टन नेहमीपेक्षा फार बाहेर येतो.

जाडी भरली तरी आणखी काही गोष्टी डिस्क बाद करतात. आतून बाहेर जाणारी भेग काठापर्यंत पोचली असेल, किंवा भेगेत नख अडत असेल, तर ती डिस्क परत गाडीवर चढवू नका. पृष्ठभागावरचं केसासारखं बारीक जाळं वेगळं, ते तापल्याने येतं आणि नखाला लागत नाही. हवेच्या फटी असलेल्या डिस्कमध्ये टॉर्च मारून आतल्या पट्ट्या बघा. खपल्या सुटत असतील आणि पट्ट्या बारीक झाल्या असतील तर बाहेरून कितीही सुंदर दिसली तरी ती गेलेली आहे. निळसर-काळे चकाकते डाग असतील तर तिथे डिस्क अतिशय तापून बिडाची घडण बदललेली असते. ते ठिपके बाकीच्या धातूपेक्षा कठीण होतात आणि खोलवर जातात. फेसिंग केल्यावर दिसेनासे होतात, पण आजूबाजूचा मऊ भाग लवकर झिजला की फुगवट्यासारखे वर येतात. फेसिंगनंतर थरथर परत येण्याचं हे दुसरं मोठं कारण, आणि याला घरगुती उपाय नाही.

गंजाने पडलेले खड्डेही तपासा. घासणाऱ्या पट्ट्यात नख अडेल असे खड्डे पसरलेले असतील तर ते पॅड कानशीसारखे खातात. पेपरने फक्त उंचवटे चमकतील, खड्डे तिथेच राहतील.

उघडताना

गाडी सपाट, कडक जमिनीवर. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांच्या पुढेमागे ठोकळे. चाकाचे नट गाडी खाली असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग जॅक, आणि जॅकशेजारी स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीला ब्रेकचं काम करू नका. अडकलेली डिस्क सोडवताना बसणारे हिसके जॅक पाडायला पुरेसे असतात.

ब्रेकची धूळ हवेच्या दाबाने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि नसलं तरी ही धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाही. ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्याने भिजवून पुसून घ्या, मास्क लावा.

कॅलिपर काढला की तो तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. होजवर (ब्रेक फ्लुइडच्या रबरी नळीवर) लोंबकळत सोडलात तर होज आतून फाटू शकतो, आणि त्याचा त्रास पुढे वेगळाच. मग ब्रॅकेटचे दोन बोल्ट काढा. डिस्क सोडण्याआधी एका स्टडसमोर (चाकाचा नट ज्यावर बसतो तो हबचा बोल्ट) डिस्कवर आणि हबवर खडूने किंवा मार्करने खूण करा. ती पुढे लागणार आहे.

डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू गंजून बसलेला असतो. साध्या पेचकसाने प्रयत्न केला की त्याचं डोकं गोल होतं. गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा आणि हातोडीने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट पेचकस वापरा. डिस्कच्या टोपीला आट्याची दोन भोकं असतील तर त्यात योग्य मापाचे बोल्ट (बऱ्याच गाड्यांना आठ मिलिमीटरचे) आलटून पालटून थोडे थोडे आवळा. डिस्क आपोआप हबवरून उचलली जाते. भोकं नसतील तर टोपीवर, स्टडच्या मधल्या जागी, रबरी हातोड्याने फिरत फिरत ठोका. परत वापरायच्या डिस्कच्या घासणाऱ्या पट्ट्यावर लोखंडी हातोडा चालवू नका. मागच्या डिस्कच्या टोपीत हँडब्रेकचे शू असतील तर आधी हँडब्रेक सोडा आणि दातेरी ॲडजस्टर फिरवून शू आत घ्या, नाहीतर कितीही ठोकलं तरी ती निघणार नाही.

हबचं तोंड: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

डिस्क निघाली की हबकडे जवळून बघा. मधल्या उंच गोल कडेच्या मुळाशी आणि प्रत्येक स्टडभोवती गंजाची कडी दिसेल, खपल्या-खपल्यांची, कधी पापुद्र्यासारखी. बोटाने फिरवल्यावर ती गुळगुळीतही लागते, म्हणून लोक सोडून देतात. तिच्यावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि मागून उजेड पाडा. पट्टीखालून प्रकाश दिसला की कळतं की डिस्क इतके दिवस सपाट तोंडावर बसलीच नव्हती.

हा गंज किती नुकसान करतो ते आकड्यात बघा. हबचं तोंड 140 मिलिमीटर व्यासाचं आहे आणि त्याच्या एका काठाशी 0.05 मिलिमीटरची खपली अडकली, कागदाहूनही पातळ. डिस्कवर 240 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर मोजलं तर तीच तिरपाई 0.085 मिलिमीटर होते. बऱ्याच गाड्यांची रनआउटची मर्यादा 0.05 ते 0.10 च्या दरम्यान असते. म्हणजे एका खपलीने जवळपास सगळी मुभा खाल्ली.

सपाट भाग तारेच्या ब्रशने आणि नायलॉनच्या घासणीच्या चकतीने साफ करा. स्टडभोवतालची कडी साध्या ब्रशला दाद देत नाही. स्टडवर बसणारी गोल पोकळ घासणी ड्रिलला लावून फिरवा, नाहीतर पेपरची पट्टी स्टडभोवती गुंडाळून हाताने ओढा. ग्राइंडरची कडक चकती इथे नको, ती हबचंच लोखंड खाते आणि नवा खड्डा पाडते. हेच काम डिस्कच्या टोपीच्या आतल्या बाजूला करा, आणि चाकाचं रिम जिथे डिस्कवर टेकतं तिथेही. शेवटी पट्टी धरून पुन्हा बघा.

गंज परत चढू नये म्हणून हबच्या मधल्या कडेवर उच्च तापमानाच्या अँटी-सीझ (भाग चिकटू न देणाऱ्या) पेस्टचा बोटाने पुसलेला, आरपार दिसेल इतका पातळ हात पुरे. सपाट तोंडावर जाड थर दिला तर तुम्हीच नवी खपली तयार केलीत. स्टडच्या आट्यांना काही लावू नका. आटे निसरडे झाले की तोच टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) जास्त आवळतो.

बसवून मोजा, मग ठरवा

साफ केलेल्या हबवर डिस्क जुन्या खुणेला बसवा आणि सगळे नट सपाट वॉशर घालून सारखे आवळा. डायल गेज (काट्यावर सूक्ष्म हालचाल दाखवणारं माप) चुंबकी स्टँडवर स्टिअरिंग नकलला, म्हणजे हब धरणाऱ्या न फिरणाऱ्या भागाला, घट्ट लावा, टोक डिस्कच्या काठापासून 10 मिलिमीटर आत. डिस्क हाताने हळू एक फेरी फिरवा. काटा सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर कुठे जातो, त्यातला फरक हा रनआउट. 0.05 मिलिमीटरच्या आत असेल तर उत्तम. फिरवण्याआधी डिस्क वरखाली धरून हलवा. बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर सगळी मापं खोटी येतात आणि बेअरिंगच आधी बदलावं लागतं.

0.05 च्या पुढे गेलं तर डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. चार स्टडच्या हबवर चार जागा, पाच स्टडच्या हबवर पाच. हबची तिरपाई आणि डिस्कची तिरपाई एका जागी एकमेकांना भिडते, दुसऱ्या जागी एकमेकांना खोडते. फरक निम्म्याने कमी झालेला अनेकदा सापडतो, आणि तो पूर्ण फुकटचा उपाय आहे. डिस्क टोपीच्या स्क्रूने एकाच जागी बसणारी असेल तर मात्र ही सोय नाही. सगळ्या जागांना माप वाईटच येत असेल तर डिस्क उतरवून हबच्याच तोंडावर गेज लावा, तिथेच 0.03-0.04 निघालं तर दोष हबचा आहे.

यानंतर मायक्रोमीटरने डिस्कच्या कडेने आठ ठिकाणी, 45 अंशांच्या अंतराने, जाडी लिहून काढा. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मापातला फरक 0.01 च्या आसपास असेल तर फेसिंगची गरज नाही, पेपर पुरेल. 0.015 च्या वर असेल आणि किमान जाडीपर्यंत भरपूर वाव असेल, तर लेथ.

घरी काय होतं आणि काय होत नाही

हाताने घासून जाडीतला फरक जात नाही. पेपर उंचसखल दोन्ही भागांवरून सारखाच फिरतो. गाडी गिअरमध्ये टाकून चाक फिरवत ठेवायचं आणि डिस्कला ग्राइंडर धरायचा, हा प्रकार काही ठिकाणी चालतो. त्यात बोटं जाण्याचा धोका आहेच, शिवाय हात जसा दाबेल तशी जाडी नव्याने बिघडते. फेसिंग लेथवरच, दोन्ही बाजू एका बैठकीत, शेवटचा कट बारीक. डिस्क लेथच्या स्पिंडलवर बसवण्याआधी तिच्या टोपीची आतली बाजू स्वच्छ आहे ना हे तुम्हीच बघून द्या, कारण तिथला गंज लेथवरही तिला तिरकी धरतो.

घरी पक्कं होणारं काम म्हणजे गंज उतरवणं, चिकटलेला थर काढणं आणि पृष्ठभाग तयार करणं.

टोपी, कडा आणि फटी गंजलेल्या असतील तर सुटी डिस्क भिजवता येते. एक लिटर पाण्यात 50 ते 60 ग्रॅम लिंबूसत्व, किंवा सरळ पांढरं व्हिनेगर. लिंबूसत्वात काही तास, व्हिनेगरमध्ये बारा ते चोवीस तास. दर दोन-तीन तासांनी ब्रश मारून बघा आणि गंज सुटला की लगेच बाहेर काढा. आम्ल पुढे बीडही खातं आणि वर काळपट ग्रॅफाइटची साय उरते. ती ब्रशने काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने खळबळा आणि गरम हवेने तात्काळ सुकवा. ओली ठेवलीत तर डोळ्यांदेखत पुन्हा केशरी होते. ज्या मागच्या डिस्कमध्ये बेअरिंग किंवा एबीएसची रिंग बसवलेली असते, ती कधीच भिजवू नका.

जाड खपल्यांवर वीज जास्त चांगली चालते. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी, त्यात 50 ते 60 ग्रॅम धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरचं ऋण टोक डिस्कला, धन टोक टाकाऊ साध्या लोखंडी पत्र्याला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. ही टोकं उलटी झाली तर डिस्कच विरघळते. पत्रा स्टेनलेसचा घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि सोड्याऐवजी मीठ वापरू नका, क्लोरिन वायू सुटतो. हायड्रोजनही निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर, आणि पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद.

घासणाऱ्या पट्ट्याला शेवटी 120 ते 150 नंबरचा पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला लावून गोल गोल, दिशा बदलत, प्रत्येक बाजूला एक-दोन मिनिटं द्या. एकाच दिशेच्या रेघा राहिल्या तर पॅड आवाज करतात. मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी घेऊन ब्रशने धुवा. नुसत्या ब्रेक क्लीनरने लोखंडाची बारीक पूड रेघांमध्येच बसून राहते आणि पहिल्याच दिवशी पॅडमध्ये रुतते. पांढरं कापड फिरवून ते काळं होईनासं झालं की धुणं पुरं झालं.

टोपीला आणि कडेला उच्च तापमानाचा रंग द्यायला हरकत नाही. फक्त घासणारा पट्टा, हबवर टेकणारं तोंड आणि रिम टेकणारं तोंड झाकून.

एकाच बाजूला गंज येत असेल तर

डिस्कच्या दोन बाजू स्वतंत्रपणे वाचा. फ्लोटिंग कॅलिपरला पिस्टन आतल्या बाजूला असतो आणि बाहेरचा पॅड कॅलिपर सरकल्यामुळे दाबला जातो. बाहेरची बाजू गंजलेली आणि आतली चकाकती असेल तर कॅलिपर सरकत नाही, म्हणजे पिना अडकल्यात. आतली बाजू गंजलेली असेल तर पिस्टन किंवा आतला पॅड अडकलाय. दोन्ही बाजूंना फक्त अरुंद पट्टा चमकत असेल तर पॅड सपाट टेकत नाहीत. मागच्या डिस्क मुळातच कमी काम करतात, आणि इलेक्ट्रिक-हायब्रिड गाड्यांत मोटरच बरंचसं ब्रेकिंग करते, त्यामुळे तिथे थोडासा अडथळाही लगेच गंजात दिसतो.

पिना बाहेर काढा. दोन पिना सारख्या दिसल्या तरी एकीला रबरी बुश असू शकतो. कुठली वर, कुठली खाली हे लिहून ठेवा. जुनं ग्रीस पुसून काढा, पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर पिन बदला. नवं ग्रीस ब्रेकसाठीचंच, सिलिकॉनचं किंवा उत्पादकाने सांगितलेलं. बेअरिंगचं साधं पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवतं, आणि आज सुटलेली पिन काही महिन्यांत पुन्हा जाम होते. पिनेमागे हरभऱ्याएवढं ग्रीस पुरतं. भोक भरून टाकलं तर हवा कोंडते आणि पिन स्प्रिंगसारखी परत बाहेर येते. पिनेचा फाटलेला बूट (रबरी टोपण) परत लावू नका. पाणी तिथूनच शिरतं.

पिनांपेक्षाही दुर्लक्षित जागा म्हणजे ब्रॅकेटमधली खाच, जिच्यात पॅडचे कान बसतात. तिथे स्टेनलेसची पातळ क्लिप असते आणि ती चकचकीत दिसते म्हणून कोणी काढत नाही. ती उचकटून बघा. तिच्याखाली ब्रॅकेटचं लोखंड गंजून फुगलेलं असतं, त्याने क्लिप वर ढकललेली असते आणि पॅड खाचेत पाचर मारल्यासारखा घट्ट होतो. ब्रेक सोडला तरी तो मागे सरकत नाही, दिवसभर डिस्कला घासत राहतो. कानशीने गंज काढा, धातू दिसला की थांबा, चांगलं लोखंड कापू नका. क्लिप परत बसवून पॅड घाला: तो एका बोटाने सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर काम अपुरं आहे. पॅडच्या कानांवर रंगाचा जाड थर असेल तर तोही खरवडा.

पिस्टन क्लॅम्पने हळूहळू आत ढकला, मध्ये जुना पॅड ठेवून. टाकीतलं फ्लुइड वर चढतं, सांडलं तर गाडीचा रंग खातं, म्हणून लक्ष ठेवा. मागचे बरेच पिस्टन दाबून जात नाहीत, फिरवत आत न्यावे लागतात. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लावा, नाहीतर मोटरचे गिअर तुटतात. पिस्टन फारच जड जात असेल तर ब्लीडिंगचा निपल (कॅलिपरमधली हवा काढायचा स्क्रू) अर्धा फेरा उघडून बघा. निपल उघडताच पिस्टन सहज गेला, तर दोष पिस्टनचा नाही. होज आतून बुजला आहे किंवा पेडलकडच्या मास्टर सिलिंडरमध्ये दाब अडकतो आहे. निपल उघडूनही हलत नसेल तर पिस्टनच गंजलाय. निपल बंद करून पेडल घट्ट होईपर्यंत हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नका.

पॅड तेलकट झाला असेल किंवा घासणारा थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर दोन्ही बाजूंचे नवे घ्या. थर भरपूर आहे पण वर काचेसारखी चमक आली असेल, तर सपाट काचेवर 80 नंबरचा पेपर ओला करून त्यावर पॅड फिरवा.

बसवणं आणि पहिले काही किलोमीटर

ब्रॅकेटचे बोल्ट आणि चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, टॉर्क पान्याने. बऱ्याच कारच्या चाकाच्या नटांसाठी हा आकडा 90 ते 120 न्यूटन-मीटरच्या दरम्यान येतो. समोरासमोरचे नट घेत, आधी अर्ध्या टॉर्कला, मग पूर्ण. हवेच्या गनने एका बाजूने धडाधड आवळलं तर इतक्या मेहनतीने सरळ बसवलेली डिस्क पुन्हा ताणली जाते. पंक्चर काढणाऱ्याकडे चाक उतरलं की घरी येऊन नट सैल करून परत टॉर्कला आवळा. थरथर अचानक परत येण्याच्या बऱ्याच तक्रारी पंक्चरनंतरच्या असतात.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन आत ढकललेले असल्याने पहिले दोन-चार दाब रिकामे जातात. फ्लुइडची पातळी बघा.

मग मोकळा रस्ता. ताशी 50 वरून 10 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट चालवत. त्यानंतर 80 वरून 20 पर्यंत जरा जोरात पाच वेळा. यात पूर्ण थांबून पेडल दाबून धरायचं नाही, गरम पॅडचा ठसा त्याच क्षणी उमटतो. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवून डिस्क थंड करा. डिस्कवर सगळीकडे सारखी करडी छटा आली पाहिजे.

घरी पोचल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने एकाच ॲक्सलच्या दोन्ही डिस्क मोजा, हात लावून नव्हे. एक 60 अंशांवर आणि दुसरी 120 वर असेल तर गरम बाजूचा ब्रेक सुटत नाही किंवा थंड बाजूचा लागत नाही. दोन्हीचं उत्तर पुन्हा पिना, खाच आणि होज याच क्रमाने शोधा. 100 किलोमीटरनंतर नटांचा टॉर्क तपासा. 1,000 किलोमीटरनंतर एकदा चाक काढून त्याच आठ जागी जाडी मोजा आणि पहिल्या कागदाशी ताडून बघा. फरक 0.005 च्या आत वाढला असेल तर बैठक बरोबर आहे. त्याहून जास्त वाढला असेल तर थरथर जाणवायची वाट न बघता डायल गेज पुन्हा लावा.

गाडी धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर लगेच उभी न करता शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये पाच-सहा हलके ब्रेक मारून डिस्क कोरडी करा. महिनोन् महिने उभी राहणारी गाडी असेल तर ओल्या डिस्कवर पॅड टेकलेला राहिला की पॅडच्या आकाराचा गंज चढतो आणि तो खड्डे सोडून जातो. अशा गाडीच्या मागच्या चाकाला डिस्कवरच लागणारा हँडब्रेक असेल तर सपाट जागी चाकांना ठोकळे लावा, गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडून द्या.